नदीपलीकडची खाट

मी एक जुनी छागळ आहे. आता तुमच्यातले निम्मे जण विचारतील, छागळ म्हणजे काय? विचारा, मला राग येत नाही. जाड कॅनव्हासची पिशवी, वर लाकडी बुचाचं तोंड, खांद्याला अडकवायला दोर आणि पोटात पाणी. बस, एवढीच मी. माझ्या कापडातून पाणी हळूहळू पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. ना वीज लागते, ना बर्फ. वर्ध्याच्या मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं तेव्हा, माझ्यातलं पाणी पिणारा माणूस पहिल्या घोटाला डोळे मिटून घेतो. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

पण मित्रांनो, आज मी बढाई मारायला बसले नाही. मला एक लाजेची गोष्ट सांगायची आहे. लाज माझी नाही. ज्या खांद्यावर मी लटकत आले, त्या खांद्याची आहे. पण इतकी वर्षं एका खांद्यावर काढली की त्याची लाज आपल्यालाही लागतेच.

माझा जन्म वर्ध्याच्या बाजारातला. तिथे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक शिंपी बसायचा. उरल्यासुरल्या कापडातून त्यानं मला शिवलं आणि पवनारच्या तानबाच्या हातात दिलं. तानबा सडकेच्या कामावर मजूर होता. तळेगावकडच्या रस्त्यावर गिट्टी पसरायचा. त्यानं मला घरी नेऊन भरलं, तर मी गळायला लागले. दारात सगळा चिखल. तानबा वैतागून मला परत घेऊन गेला, तेव्हा शिंप्यानं हसून सांगितलं की नव्या छागळीला दोन दिवस भरून ठेवावं लागतं. सूत भिजून फुगलं की फटी बुजतात आणि पाणी धरतं. मात्र कोरडी टांगून ठेवली की पुन्हा गळणार. हे त्याचं बोलणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तानबाला दोन लेकरं. थोरली कमला आणि तिच्याहून बराच लहान घनश्याम. दुपारी बापासाठी मला कामावर पोचवायचं काम कमलाचं. एका कडेवर भाऊ आणि दुसऱ्या खांद्यावर मी, अशी ती पोर उन्हातून चालायची. भाऊ रडला की ती माझं ओलं अंग त्याच्या गालाला लावायची आणि तो गप्प व्हायचा. सडकेवरचे सगळे मजूर माझ्याभोवती जमायचे. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे कमलाचं लग्न झालं. नवरा चिंधू बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. गावातले दोघे-चौघे पुण्याला गेले, त्यांच्या मागून हे दोघंही गेले. तिथे नदीच्या काठाला एक वस्ती होती. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली आमचीच माणसं तिथे राहायची. मधोमध बुद्धविहार, त्यावर निळा झेंडा आणि झेंड्याखाली एक भोंगा. त्या वस्तीत कमलाबाईनं पत्र्याची एक खोली केली.

तानबा गेला आणि मी घनश्यामच्या वाट्याला आले. घनश्याम कॉलेज शिकला, नोकरीच्या परीक्षा देऊ लागला. पाटबंधारे खात्याची एक परीक्षा पुण्याला होती. त्याच्या खिशात लॉजवर राहण्याची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर तसा विचारही त्याच्या मनात आला नाही. पुण्यात बाई आहे, मग दुसरीकडे कशाला? आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मला खांद्याला लावून तो गाडीत बसला आणि सरळ तिच्या दारात उतरला.

त्या खोलीत एकच खाट होती. कमलाबाईनं ती भावाला दिली. चिंधू काही न बोलता वळकटी बगलेत मारून विहाराच्या ओट्यावर झोपायला गेला आणि पोरांनाही घेऊन गेला, म्हणजे अभ्यासात कालवा नको. ती स्वतः उंबऱ्यापाशी जमिनीवर पडायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तर तिनं कहर केला. विहाराच्या मंडळाकडे गेली आणि म्हणाली, माझा भाऊ अभ्यास करून राह्यला, आज भोंगा लावू नका. आणि मित्रांनो, त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीत भोंगा वाजला नाही. त्याच मुक्कामात दाराच्या पत्र्याला घासून माझा एक कोपरा फाटला. कमलाबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ कापून मला ठिगळ लावलं. ते अजून माझ्या अंगावर आहे.

घनश्याम पास झाला. वर्ध्याला नोकरी लागली. पुढे रक्षा त्याची बायको होऊन आली, गुंजन झाली, पवनारला धाम नदीच्या अंगाला स्लॅबचं घर झालं. घरात फ्रिज आला, त्या दिवशी माझे दिवस भरले. मला मागच्या अंगणात खिळ्याला टांगलं आणि रक्षानं माझ्यात वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. पाणी पाजणाऱ्या पिशवीच्या पोटात प्लॅस्टिकचे चिमटे! पण तक्रार कोणाकडे करणार? मी वाळत गेले.

कमलाबाईचा फोन मात्र दर आठवड्याला यायचा. तिची सुरुवात ठरलेली. ‘कुठी हायेस घना? जेवला का?’ आधी ठावठिकाणा, मग जेवण. घनश्यामही सांगायचा, ऑफिसात आहे, बसस्टँडवर आहे, शेतात गेलतो. ती समाधानानं ‘बरं’ म्हणायची.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. गुंजन दहावी झाली, चांगले मार्क पडले. बापानं कबूल केलं होतं, पास झालीस की पुणे दाखवतो. एका संध्याकाळी अंगणात खाटेवर तिघं बसले आणि राहायचं कुठे याचा काथ्याकूट सुरू झाला. मी मागच्या भिंतीवर चिमटे पोटात धरून ऐकत होते.

गुंजनच्या हातात फोन आणि फोनवर पुण्याचा नकाशा. घनश्याम म्हणाला स्टेशनजवळ घेऊ, गाडीला बरं. गुंजननं लगेच लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले, रात्रभर हॉर्न, गाद्यांना वास. रक्षाला स्वयंपाकघर हवं होतं आणि ढेकूण नको होते. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलेली एक जागा निघाली, ती शहराबाहेर इतकी लांब की तिथून पुणं पाहायला दुसरा प्रवास करावा लागला असता. असं करत करत गुंजनचं बोट एका जागी थांबलं. नीलमोहोर सोसायटी. घरगुती मुक्काम, दोन खोल्या, नदीकडे बाल्कनी, आजूबाजूला झाडं. लोकांनी भरभरून लिहिलं होतं, शांत परिसर, सज्जन शेजार. पोरीचा चेहरा फुलला.

मग तिनं नकाशा जरा सरकवला. ‘बाबा, नदीच्या पलीकडे काय आहे? इथे तर काहीच लिहिलेलं नाही.’

घनश्यामनं फोन हातात घेऊन पाहिलं. नकाशात नाव नव्हतं, पण पूल होता आणि नदीची ती वाकडी वळणं त्याला पाठ होती. पलीकडे बाईची वस्ती होती. हे ठिकाण नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं असतं, तर पोरीनं विचारलं असतं, मग आपण आत्याकडेच का राहत नाही?

‘काई नाई,’ तो म्हणाला. ‘वस्ती हाये. तिकडची वस्ती चांगली नाई.’

मित्रांनो, ज्या माणसासाठी त्या वस्तीनं आपला भोंगा बंद ठेवला होता, त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं. माझ्या ठिगळाला ते टोचलं.

गुंजनला आत्या ठाऊक होती. लग्नकार्याला पवनारला यायची, लाडू आणायची, गालावरून हात फिरवायची. पण ती पुण्यात नेमकी कुठे राहते हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. रक्षाला माहीत होतं. पोर आत गेल्यावर तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, बाईंना कळवायचं नाही का? घनश्याम म्हणाला, कळवलं तर ती दुसरीकडे राहू देणार नाही, त्या एवढ्याशा खोलीत ती चौघं आणि आपण तिघं, कशाला तिला त्रास? ऐकायला किती चांगलं वाटतं ना? पण खरं कारण ते नव्हतं. त्याला डोळ्यांपुढे दिसत होती ती संडासाची रांग, त्या रांगेत डबा धरून उभी असलेली आपली गुंजन, आणि आपली आत्या इथे राहते हे तिला कळल्यावर तिचा होणारा चेहरा. बाप चांगल्या नोकरीत आहे, एवढंच पोरीला माहीत होतं. ती नोकरी कुठून आली, ते तिच्यापर्यंत पोचू नये असं त्याला वाटत होतं.

निघायच्या दिवशी घनश्यामनं मला खिळ्यावरून काढलं. चिमटे ओतले, धुतलं, भरलं. ‘गाडीत थंडं पाणी लागते,’ म्हणाला. गुंजन लाजली. बाबा, बाटल्या घेऊ ना, असं ती दोनदा म्हणाली. पण त्या एका बाबतीत तो हट्टी होता. कोरडी पडलेली मी, अर्थातच गळत होते. सेवाग्राम स्टेशनापासून पुण्यापर्यंत मी लोकांच्या चपला भिजवत गेले.

नीलमोहोर सोसायटी खरंच छान होती. घरमालकीण बाई हसतमुख, फरशी आरशासारखी. घनश्यामनं मला बाल्कनीच्या कठड्याला टांगलं आणि मी खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवर गळायला लागले. थोड्याच वेळात मालकीणबाईंचा फोन आला, अगदी गोड शब्दांत, ती पिशवी जरा आत घ्याल का? घनश्यामचे कान लाल झाले. त्यानं मला कठड्यावरून काढून कोपऱ्यात टांगलं आणि खाली बादली ठेवली. गुंजनही म्हणाली की फोटोत ती मागे येते. अशी मी कोपऱ्यात गेले. पण त्या कोपऱ्यातून नदी दिसत होती आणि नदीपलीकडे दाटीवाटीनं उभी घरं, मधोमध निळा झेंडा.

घनश्याम त्या बाजूला पाठ करूनच चहा प्यायचा.

दुसऱ्या दिवशी ती तिघं दिवसभर फिरून आली. संध्याकाळी रक्षा आत स्वयंपाकाला लागली आणि घनश्याम पाणी प्यायला माझ्यापाशी आला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. कमलाबाई.

‘कुठी हायेस घना? जेवला का?’

‘पवनारले,’ घनश्याम म्हणाला. ‘घरीच हाये बाई. आत्ताच ऑफिसातून आलो.’

त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच पलीकडच्या काठावर भोंगा खरखरला. एक म्हातारा आवाज खाकरला आणि सांगू लागला, ‘सर्वांना कळविण्यात येते की उद्या व परवा सकाळी नळाला पाणी येणार नाही. सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे.’ संध्याकाळचा वारा आमच्याकडे वाहत होता. शब्दन् शब्द नदी ओलांडून बाल्कनीत आला. आणि तेच शब्द, जरा मागून, घनश्यामच्या कानाला लावलेल्या फोनमधूनही आले.

त्यानं पटकन फोनवर हात ठेवला. पण ठेवून काय उपयोग? जसा तिच्याकडचा भोंगा त्याला फोनमधून ऐकू आला, तसा त्याच्याकडचा तिलाही गेलाच असणार. तिच्या वस्तीतला भोंगा भावाच्या पवनारात वाजत होता.

दोन्हीकडचा भोंगा खरखरत बंद झाला. मग कमलाबाई म्हणाली, ‘बरं. ऊन लय असन तिकडं. पाणी पीत जाजो.’ आणि तिनं फोन ठेवला. इतक्या वर्षांत तिनं आधी फोन ठेवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

घनश्याम तिथेच खाली फरशीवर बसला. रक्षानं आतून हाक मारली तरी उठला नाही. माझ्यातून थेंब थेंब बादलीत पडत होता आणि तो त्याकडे बघत होता. त्याला इतकी लाज वाटली की त्याला तोंडावर पाणी मारायचंही सुचलं नाही. चोरी पकडली गेली असती तर माणूस भांडला तरी असता. इथे पकडणारीनंच काही न पाहिल्यासारखं केलं होतं.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी उठून तो धावत बहिणीकडे गेला. नाही गेला. तो दिवसही त्यानं वाया घालवला. बायको-पोरीला घेऊन बाग पाहायला गेला, किल्ला पाहायला गेला आणि माझ्या अंदाजानं त्याला दोन्हींतलं काहीच दिसलं नाही. दर थोड्या वेळानं फोन काढून बघायचा. बहिणीचा फोन आला नाही. खोलीवर परतल्यावर रक्षानं त्याला काय झालं म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. रक्षा रागावली नाही. आपणही गप्प बसलो, यात आपलाही हात आहे, असं म्हणून ती कणिक मळत राहिली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं मला खांद्याला लावलं आणि तिघं चालत निघाली. पुलाच्या मध्यावर गुंजननं विचारलं, कुठे चाललो आपण?

‘तुह्या आत्याकडे.’

‘आत्या इकडे राहते?’ पोर चालता चालता थांबली. तिनं समोरची वस्ती पाहिली, बापाकडे पाहिलं. ‘बाबा, तुम्ही तर म्हणाला होता...’ एवढं बोलून तिनं वाक्य तिथेच सोडलं. घनश्याम पुढे चालत राहिला. त्याच्या खांद्याला फुटलेला घाम माझ्या दोराला लागत होता.

वस्ती आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. खोल्या विटांच्या झाल्या होत्या, गल्लीत फरशी होती, दारोदारी तुळशीऐवजी रंगाच्या डब्यांत लावलेली मोगऱ्याची झाडं होती. कमलाबाईच्या दारापुढे एक खाट टाकलेली होती. तिच्यावर धुतलेली, कडक घडीची चादर. बाजूला पाण्यानं भरलेली भांडी, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरलेला. आम्ही दारात पोचायच्या आधीच शेजारच्या बाईनं आवाज दिला, ‘आले का हो बाईंचे भाऊ? परवा संध्याकाळपासून ती खाट अडवून ठेवली आहे बाईंनी. कोणाला टेकू देत नाहीत.’

परवा संध्याकाळपासून. घनश्याम जागच्या जागी उभा राहिला.

कमलाबाई बाहेर आली. केस पांढरे झालेले, पण चाल तीच, भावाला कडेवर घेऊन उन्हातून चालणारीची. ‘जयभीम’ झाला. तिनं गुंजनच्या गालावरून हात फिरवला, रक्षाचा हात धरला. मग भावाकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, ‘आत्ताच उतरले का गाडीतून?’

तिनं त्याला उभं राहायला जागा करून दिली होती. खोटं बोलायचंच असेल तर हे घे, मीच देते, असं. घनश्यामच्या ओठांवर दुसरं काही आलं असेल की नाही कोण जाणे. पण बाहेर पडलं ते, ‘हो बाई.’

रक्षानं खाली पाहिलं. गुंजन मात्र बापाकडे बघत राहिली. त्या पोरीच्या नजरेनं माझंसुद्धा सूत आकसलं. तिघांपैकी कोणाच्याही हातात सामान नव्हतं आणि कमलाबाईनं सामान कुठे आहे हे विचारलं नाही. तिनं मला त्याच्या खांद्यावरून उतरवलं, ठिगळावरून बोट फिरवलं, खालून हात लावून पाहिला. हात नुसता ओलसर झाला, थेंब काही पडला नाही. ‘चांगलं फुगलं सूत,’ एवढंच ती म्हणाली. गाडीतून नुकत्याच उतरलेल्या, वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या छागळीचं सूत इतकं फुगत नाही, हे सडकेवर मला वाहून नेणारीला कोणी शिकवायला हवं का? मीच त्याला उघडं पाडलं होतं.

मग जेवण झालं. पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा. दोन्ही पोरं आली, मग चिंधू कामावरून आला. आता तो एका बांधकामावर राखणदार आहे. त्यानं पोरीला निकाल विचारला आणि शाबासकी दिली. गुंजननं आत्याच्या हाताखाली भाकरी शेकायला घेतली, दोन करपवल्या. सगळं हसतखेळत चाललं होतं. दरवेळी बहीण ताटात वाढायला आली की घनश्याम मात्र ‘पुरे’ म्हणायचा.

संध्याकाळ व्हायला आली तशी तिघं निघाली. कमलाबाई मला भरून, हातात धरून, गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे जायचं?

साधा प्रश्न. पण घनश्यामला उत्तर देता येईना. स्टेशन म्हणावं तर सामान नाही. खरं सांगावं तर बहीण शेजारी उभी. रिक्षावाल्यानं पुन्हा विचारलं. मग घनश्याम बहिणीकडे तोंड करून म्हणाला, ‘नदीपलीकडं. नीलमोहोर सोसायटी.’

कमलाबाईनं मान हलवली. ‘तिथून आमचा भोंगा ऐकू येते न?’

‘येते बाई,’ तो म्हणाला. आणि मग त्याचा आवाज फुटला. ‘मले लाज वाटली, बाई.’

‘कायची?’

तो रिक्षाच्या चाकाकडे बघू लागला. तिनं मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

‘माह्यी?’

मित्रांनो, मी पाण्यानं काठोकाठ भरलेली होते, तरी त्या एका शब्दानं मला कोरडं पडल्यासारखं झालं. घनश्याम हो म्हणाला नाही आणि नाही म्हणायची त्याला हिंमत झाली नाही. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, चांगल्या नोकरीतला तो माणूस लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. कमलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. कोणाचं सांत्वन कोणी करावं, हेच कळत नव्हतं.

तेव्हा गुंजन रिक्षात चढून बसली. आईला म्हणाली, ‘चल, आपण सामान घेऊन येऊ. बाबा इथेच थांबतील.’ तिनं कोणाला विचारलं नाही. एक रात्र उरली होती, ती त्यांनी या काठावर काढली.

जेवणं झाल्यावर चिंधूनं सवयीनं वळकटी बगलेत मारली आणि विहाराच्या ओट्याकडे निघाला. घनश्याम उठला, दुसरी वळकटी उचलली आणि म्हणाला, ‘मी बी येतो भाऊजी.’ खाटेवर त्या रात्री गुंजन झोपली. कमलाबाई तिला आग्रह करत होती, तेव्हा घनश्यामनं मागे वळून पाहिलं नाही. त्या खाटेवर झोपायचा आपला हक्क संपला, असं त्याला वाटलं असावं. सकाळी संडासाच्या रांगेत पोर आत्याशी गप्पा मारत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर, ज्याची बापाला एवढी भीती होती, तसं काहीच नव्हतं. मग इतकं खोटं कशापायी बोललो, हे त्यानं परतीच्या गाडीत रक्षाला दोनदा विचारलं.

आता मी पवनारला पुढच्या दारापाशी टांगलेली असते. चिमट्यांना डबा मिळाला. घनश्याम रोज सकाळी मला भरतो, येणारे-जाणारे पाणी पितात आणि म्हणतात, अरे, अजून छागळ आहे तुमच्याकडे? मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

कमलाबाईचा फोन अजूनही दर आठवड्याला येतो. जेवला का विचारते. गुंजनची चौकशी करते, उन्हाचं विचारते. पण ‘कुठी हायेस’ हे तिनं त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. भावावर पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये, म्हणून तिनं तो प्रश्नच टाकून दिला.

आणि घनश्याम? तो फोन उचलला की आधी तेच सांगतो. ‘बाई, मी पवनारले हाये. दारात उभा हाये, छागळीपाशी.’ परवा तर त्यानं फोन कानापासून काढून सडकेकडे धरला. वर्ध्याची बस जात होती, पुलावरून तिचा हॉर्न आला. ‘ऐकू आलं न?’ त्यानं विचारलं.

‘काऊन रे घना,’ ती म्हणाली. ‘मी इचारलं का तुले?’

फोन ठेवल्यावर त्यानं माझ्यातलं पेलाभर पाणी घेतलं आणि बराच वेळ तो ते हातात धरून उभा राहिला.

मित्रांनो, मी कापडाची आहे. मला कोरडं टांगून ठेवलं की मी गळते आणि पुन्हा भरलं की दोन दिवसांत पाणी धरते. माणसांचं तसं असतं की नाही, ते मला माहीत नाही. घनश्यामकडे बघून वाटतं, त्यांना जास्त वेळ लागत असावा. तुम्ही सुट्टीत एखाद्या शहरात जाल, फोनवर नकाशा उघडाल, बाल्कनी बघाल, झाडं बघाल, जरूर बघा. पण त्या नकाशात नाव नसलेल्या जागी तुमची वाट बघणारं कोणी असेल, तर त्याला आधी फोन करा आणि कुठे आहात ते खरं सांगा. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी छागळ खिळ्याला असेल, तर तिच्यातले चिमटे काढून तिला पाण्यानं भरा. पहिले दोन दिवस ती गळेल. खाली बादली ठेवा, पण तिला कोपऱ्यात ढकलू नका.